चंची शिवू या: किल्ल्या, कार्डं, पेन आणि सुटे पैसे एका घडीत

माझी आजी चंची सोडायची ते बघायला मला फार आवडायचं. कमरेला खोचलेली घडी बाहेर यायची, नाडीचे वेढे सुटायचे आणि मांडीवर कापड पसरलं की एकेक कप्पा दिसायचा. एकात पानं, एकात सुपारी, एकात कात, चुन्याची डबी आणि सगळ्यात आत चौघडी केलेल्या नोटा. एसटीच्या अंधारातसुद्धा, बोलता बोलता तिचा हात नेमका हव्या त्या कप्प्यात जायचा. मी मात्र कित्येक वर्षं डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर सॅकमध्ये कोपरापर्यंत हात घालून घराची किल्ली चाचपत उभी राहायचे. मागून लोकांचे धक्के, खाली इयरफोनच्या वायरीत अडकलेली किल्ली.

शेवटी मी चंचीच शिवली. पान-सुपारी वजा, बाकी कल्पना जशीच्या तशी: एक आडवं कापड, त्यावर कप्प्यांच्या पट्ट्या, तीन घड्या आणि नाडीचे वेढे. आतापर्यंत सात-आठ शिवून झाल्या, त्यातली पहिली साफ फसली. मापं मी रिकाम्या कापडावर घेतली होती. किल्ल्या, कार्डं, पेन भरून घडी घालायला गेले तर ती टम्म फुगलेल्या भाकरीसारखी उघडीच राहिली. तेव्हापासून रिकामी चंची मोजत नाही, भरलेली मोजते. खालच्या प्रत्येक मापामागे हाच हिशोब आहे.

आधी सामान, मग माप

रोज खरोखर लागतं ते सगळं टेबलावर काढा. माझ्याकडे निघालं ते असं: घराच्या तीन किल्ल्यांचा जुडगा, चार कार्डं, दोन-चार नोटा, चिल्लर, एक पेन, गोळ्यांची पट्टी, छोटी केबल, दोन सेफ्टी पिना. मोबाईल यात घेऊ नका, तो दर पाच मिनिटांनी हातात लागतो. चार्जरचा ठोकळाही नको. पॉवर बँकेचं तर नावच काढू नका. चपट्या वस्तूंसाठी चंची उत्तम. ठोकळे भरायचे असतील तर सरळ चेनची पेटी शिवलेली बरी.

कप्प्याच्या रुंदीचं गणित सोपं आहे: वस्तूची रुंदी, अधिक तिची जाडी, अधिक पाव इंच. एटीएम कार्ड, पॅन कार्ड, प्लास्टिकचं आधार, लायसन्स ही सगळी एकाच मापाची, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर तीन इंच तीन सूत बाय दोन इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). चार कार्डांची जाडी साधारण एक सूत. बेरीज होते पावणेचार इंच, म्हणून कार्डांचा कप्पा मी चार इंचांचा ठेवते. पेन गोल असतं, त्याची जाडी अर्ध्या इंचाच्या आतच, म्हणून त्याला एक इंचाची फट पुरते. ५०० ची नोट १५० बाय ६६ मिलिमीटर असते. मधोमध दुमडली की तीन इंचांच्या आत येते, म्हणजे तिला वेगळा कप्पा नको, कार्डांच्या मागे बसते. बँकेचं पासबुक मात्र यात मावणार नाही. ते हवंच असेल तर सगळी मापं वाढवावी लागतील.

कापड

बाहेरच्या बाजूला मी खण वापरते. हा खण कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. पूर्वी मुख्यतः चोळीला जायचा, आता त्याच्या साड्या, पर्सा, तोरणं सगळं होतं. दिसायला देखणा, पण शिवताना दोन गोष्टी सांभाळायच्या. खणाची नक्षी जादा उभ्या धाग्यांनी विणलेली असते, त्यामुळे उलट बाजूला सुटे धागे राहतात आणि किल्लीचं टोक त्यात हमखास अडकतं. म्हणून अस्तर हवंच. दुसरं म्हणजे कापलेली कड भराभर उसवते. बेतल्या बेतल्या चारी बाजूंनी झिगझॅग मारून घ्या. मशिनला झिगझॅग नसेल तर कोपऱ्यावरच्या टेलरकडून इंटरलॉक करून आणा, दोन मिनिटांचं काम आहे.

खण नसेल तर जीनचा जुना पाय, जाड सुती पडदा, मांजरपाट, काहीही चालेल. अस्तर आणि कप्प्यांच्या पट्ट्या मात्र साध्या सुती कापडाच्याच असू द्या. सॅटिनवर हात चालवू नका, मशिनखाली ते माशासारखं सुळकन निसटतं.

कपाटात ओटीत आलेले ब्लाउजपीस असतीलच. कुणी शिवत नाही, कुणी टाकत नाही, ह्या ओटीतून त्या ओटीत फिरत राहतात. त्यातला एखादा सुती निघाला तर काम झालं. अस्तर आणि दोन्ही पट्ट्या एकाखाली एक मांडल्या की २८ इंच लांबी लागते, आणि ८० सेंटिमीटरचा पीस साडेएकतीस इंच भरतो. शेजारी उरलेल्या पट्ट्यातून नाडीही निघते.

कापण्याआधी कापड तासभर साध्या पाण्यात भिजवा, पिळून वाळवा, इस्त्री करा. खण वेगळा भिजवा, पहिल्या पाण्यात त्याचा रंग जाऊ शकतो. हा टप्पा गाळला तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, बाहेरचं कापड नाही, आणि चंची आयुष्यभर तोंड वेंगाडून बसते.

बाकी सामान: हलकं फ्यूजिंग, म्हणजे एका बाजूला डिंकाचे ठिपके असलेलं कडक कापड, दुकानात पेस्टिंग म्हणूनही मागतात. एक मध्यम टिचबटण, खडू, टाचण्या, मशिनला १६ नंबरची सुई. शिवताना काही ठिकाणी कापडाचे पाच-सहा थर एकावर एक येतात. तिथे बारीक सुई वाकते किंवा मोडते.

बेतणं

आधी रद्दीच्या पेपरवर बेता. पेपर कापून, सामान ठेवून, तीन घड्या घालून बघा. या दहा मिनिटांनी माझं बरंच कापड वाचवलं आहे. मग कापडावर उभा धागा सरळ धरून हे तुकडे काढा. सगळ्या मापांत चारी बाजूंनी अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, धरलेली आहे.

- बाहेरचं कापड: उंची १० इंच, रुंदी १४ इंच
- अस्तर: तेवढंच, १० बाय १४
- मागची पट्टी: साडेदहा बाय १४
- पुढची पट्टी: साडेसात बाय १४
- फ्यूजिंग: साडेसहा बाय १३, याला माया नाही
- नाडी: ३० इंच लांब, दीड इंच रुंद

तयार चंची उघडी असताना ९ बाय १३ ची होते. वरचे अडीच इंच झाकणासारखे खाली दुमडायचे, की उंची साडेसहा राहते. हे झाकण अजिबात टाळू नका. ते नसेल तर सॅकमध्ये चंची उलटी झाली की चिल्लर सॅकच्या तळाला आणि पेन बाहेर.

पट्ट्या आणि अस्तर

फ्यूजिंग अस्तराच्या उलट बाजूला, खालून आणि दोन्ही कडांपासून अर्धा-अर्धा इंच सोडून ठेवा. वरचा भाग मोकळाच राहील, तसाच हवा, झाकण मऊ असलं की नीट दुमडतं. इस्त्री सरकवू नका. उचला, ठेवा, दहा-बारा सेकंद दाबा, पुन्हा उचला. सरकवलं की फ्यूजिंगला सुरकुती पडते आणि ती मग निघत नाही. फ्यूजिंग खणाला न लावता अस्तराला लावायचं कारण साधं आहे: आजकालच्या बऱ्याच खणांत कृत्रिम धागा असतो आणि कडक इस्त्रीखाली तो चुरमडतो.

दोन्ही पट्ट्या लांबीच्या बाजूने मधोमध दुमडा, सुलट बाजू बाहेर, आणि इस्त्री करा. मागची सव्वापाच इंच उंच होईल, पुढची पावणेचार. दुमडलेली कड हे कप्प्याचं तोंड. तिथे कडेपासून एक सूत आत एक टीप मारा. आता तोंडाला वेगळी पट्टी नको, हेम नको.

टिचबटण आत्ताच लावा. सगळं जोडून झाल्यावर लावायला गेलात तर बोटं आत जात नाहीत, हे मी अनुभवाने सांगते. पुढच्या पट्टीच्या मागच्या अंगाला, डाव्या कडेपासून ७ इंचांवर आणि तोंडापासून अर्धा इंच खाली एक भाग. मागच्या पट्टीच्या पुढच्या अंगाला, डावीकडून ७ इंचांवर आणि खालच्या कडेपासून सव्वातीन इंच वर दुसरा. दोन्ही पट्ट्या खालची कड जुळवून एकमेकींवर ठेवल्या की बटण बरोबर समोरासमोर येतं. एकदा दाबून बघा. पुढच्या पट्टीवर टाका एकाच थरातून घ्या, म्हणजे दर्शनी बाजूला दोरा दिसणार नाही. प्रत्येक भोकातून चार-पाच टाके, हात आखडता घेऊ नका. चिल्लरीला चेन का नाही, असं मैत्रिणी विचारतात. सव्वाचार इंचांच्या कप्प्याला चेन लावायची म्हणजे गाडीला बैलापेक्षा जू जड. शिवाय टिचबटण एका हाताने उघडतं, आणि बसमध्ये दुसरा हात दांड्यावर असतो.

कप्पे पाडणं

अस्तर सुलट बाजू वर करून टेबलावर पसरा. त्यावर मागची पट्टी, खालच्या कडा जुळवून. पेनाची फट फक्त या पट्टीला हवी, म्हणून पुढची पट्टी ठेवण्याआधीच तिची टीप मारायची: डाव्या कडेपासून पावणेचार इंचांवर उभी रेघ आखा आणि खालून वर तोंडापर्यंत शिवा.

आता वर पुढची पट्टी ठेवा, टाचण्या लावा आणि डाव्या कडेपासून या चार उभ्या रेघा आखा: पावणेपाच, ५, सव्वानऊ, साडेनऊ. चारही रेघांवर खालून वर, मागच्या पट्टीच्या तोंडापर्यंत टीप.

पाव इंचाच्या अंतरावर दोन-दोन टिपा कशासाठी, तर तिथे घडी पडणार आहे. एकाच टिपेवर घडी घातली तर दोन्हीकडचे भरलेले कप्पे एकमेकांना भिडतात आणि घडी बसत नाही. मधली पाव इंचाची पन्हळ भरलेल्या सामानाला वळायला जागा देते. माझ्या पहिल्या चंचीत हीच नव्हती. उजवा भाग ४ इंचांचा आणि बाकीचे दोन सव्वाचारचे, हेही मुद्दाम. उजवा आधी आत दुमडतो, म्हणून तो लहान हवा.

कप्प्याच्या तोंडाशी टीप पक्की करा, रोजची ओढाताण तिथेच होते. मशिनला उलटी टीप असेल तर तीन-चार टाके मागे-पुढे घ्या. घरात पायाची जुनी काळी मशिन असेल आणि तिला उलटी टीप नसेल, तर सुई कापडात रुतवून दाबपट्टी (सुईजवळ कापड दाबून धरणारा पाय) उचला, कापड फिरवा आणि त्याच टिपेवरून अर्धा इंच परत या. टाका इंचाला साधारण दहा. याहून बारीक टाक्याने जाड थर आकसतात.

रेघा झाल्या की दोन्ही बाजू आणि खालची कड पाव इंचावर कच्ची शिवून घ्या, पट्ट्या हलणार नाहीत. थांबा आणि सामान भरून बघा. पेन जातंय? कार्डं आडवी बसतात? आत्ता उसवणं सोपं आहे.

नाडी

दीड इंचाची पट्टी दोन्ही कडा मधल्या रेघेपर्यंत दुमडायची, मग पुन्हा मधोमध घडी घालायची आणि उघड्या कडेने टीप मारायची. तीन सुताची सपाट नाडी तयार होते. नळीसारखी शिवून उलटवण्याच्या फंदात पडू नका, तासभर पिनेने उकरत बसाल. मोकळं टोक दोनदा दुमडून शिवा. मी तिथे एक बारीक घुंगरू लावते. हौस म्हणून लावलं होतं, पण सॅकमध्ये चंची शोधताना आवाजाने सापडते.

अस्तराच्या डाव्या कडेला, खालून पावणेचार इंचांवर नाडीचं कच्चं टोक कडेला कड जुळवून शिवा. बाकीची नाडी आत कप्प्यांवर गुंडाळून टाचणीने पक्की अडकवा. पक्की म्हणतेय, कारण एकदा तिचं मधलंच वळण बाजूच्या टिपेत सापडलं आणि चंची उलटवल्यावर नाडीचा फास बाहेर आला. पूर्ण बाजू उसवावी लागली.

जोडणी

बाहेरचं कापड सुलट बाजू खाली करून अस्तरावर ठेवा, म्हणजे दोन्ही सुलट बाजू आत समोरासमोर. चारी बाजूंनी अर्धा इंच माया धरून शिवा आणि उलटवण्यासाठी वरच्या कडेला मधोमध ४ इंच तोंड सोडा. तोंड वरच का, तर तिथे फक्त दोन थर आहेत. खाली पट्ट्यांसकट सहा थर जमतात, तिथे तोंड ठेवलं तर ते कधीच सपाट बंद होणार नाही. त्या सहा थरांवर मोटरचा पाय दाबू नका, हाताने चाक फिरवत एकेक टाका घ्या.

मग कात्री. चारही कोपरे टिपेपासून एक सूत सोडून तिरके छाटा. खालच्या कडेची माया पायरी पायरीने कमी करा: पट्ट्यांचे थर पाव इंचावर, अस्तर जरा जास्त, बाहेरचं कापड तसंच. नुसती सगळी एका रेषेत कापली तर इस्त्रीनंतरही तिथे काठी घातल्यासारखा उंचवटा दिसतो. खणाची माया फार छाटू नका, तो उसवतो हे मघाशी सांगितलंच.

टाचण्या सगळ्या काढल्यात ना, मोजून बघा, आणि सोडलेल्या तोंडातून चंची उलटवा. कोपरे पेन्सिलच्या बोथट टोकाने हळूच बाहेर काढा. कात्रीचं टोक घातलं की कोपऱ्याला भोक पडतं, आणि मग त्यावर फूल भरायची वेळ येते. सोडलेल्या तोंडाची माया आत दुमडून इस्त्री करा आणि चारही कडांनी, कडेपासून एक-दोन सुतांवर टीप मारा. तोंड या टिपेतच बंद होतं.

वरचे अडीच इंच खाली दुमडून इस्त्रीने घडी पाडा. खणावर ओलसर रुमाल ठेवूनच इस्त्री फिरवा.

भरायची कशी

पेन त्याच्या फटीत, त्याच्या पुढच्या कप्प्यात गोळ्यांची पट्टी. मधल्या भागात पुढे टिचबटणाखाली चिल्लर, १० चं नाणं २७ मिलिमीटरचं, चार-पाच आरामात राहतात. त्याच्या मागे किल्ल्या. उजवीकडे पुढे कार्डं, मागे दुमडलेल्या नोटा. केबल पेनाच्या शेजारच्या कप्प्यात, सैलसर गुंडाळून. सॅनिटरी पॅड ठेवायचं असेल तर तेही त्याच जागी तीन इंचांच्या आत दुमडलेलं बसतं, केबल मग दुसरीकडे न्या. सेफ्टी पिना झाकणाच्या आतल्या अंगाला टोचून ठेवा.

आधी झाकण खाली, मग उजवा भाग आत, त्यावर डावा. नाडीचे दोन वेढे द्या आणि टोक वेढ्याखाली खोचा. गाठ मारू नका. आजीही मारायची नाही, आणि तिची चंची कधी आपोआप सुटलेली मला आठवत नाही. नोटा आणि कार्डं उजवीकडे ठेवली की घडीत ती सगळ्यात आत जातात, वरून चाचपणाऱ्याच्या हाताला आधी गोळ्यांची पट्टी लागते. लोकलच्या गर्दीत एवढंही पुष्कळ.

मशिन नसेल तर हाताने बखिया, म्हणजे प्रत्येक टाक्याला थोडं मागे येत घातलेली टीप, घालून सगळं होतं. दोरा दुहेरी घ्या, मेणबत्तीवर एकदा ओढून घ्या म्हणजे गुंता होत नाही, आणि कप्प्यांच्या तोंडाशी तीनदा टाका फिरवा. कडेची शेवटची टीप मात्र धावदोऱ्याने घाला, गडद खणावर पांढरा दोरा गोधडीच्या टाक्यासारखा छान उठून दिसतो. मशिनवर मला अडीच-तीन तास लागतात, हाताने तीन संध्याकाळी गेल्या होत्या.

दोन-तीन आठवडे वापरून झाल्यावर बघा, कुठला कप्पा रिकामाच राहतोय. माझी पेनाची फट महिनाभर रिकामी होती, सह्या करायला पेन लागतच नाही म्हटल्यावर मी ती टीप उसवली आणि तिथे चष्मा पुसायचं कापड गेलं. पेपरचा बेत मात्र फेकू नका. त्यावर पेनाने मापं लिहून घडी घालून ठेवा, शेजारची कोणीतरी चंची हातात घेऊन उलटसुलट बघणार आणि विचारणार आहेच.